तेवीस नंबरची आई

फ्राउके वीर्समाला कुणी विचारलं, तू दिवसभर काय काम करतेस, तर ती सरळ सांगायची, "आयांपासून लेकी तोडते." विचारणारा दचकला की तिला मनातून बरं वाटायचं. मग कॉफीचा एक घोट घेऊन ती पुस्ती जोडायची, "यीस्टच्या. घाबरू नका."

चौतीस वर्षं तिनं हेच काम केलं. ग्रोनिंगनच्या उत्तर टोकाला, कालव्याच्या काठी एक लहानशी संशोधन संस्था आहे. तिथं सत्ताविसाव्या वर्षी ती काचसामान धुवायला लागली. एक दिवस सूक्ष्मदर्शकावरची बाई आजारी पडली, म्हणून कुणीतरी फ्राउकेला म्हणालं, जरा बसून बघ. ती जी बसली, ती उठलीच नाही. नावापुढे पदवी नाही, इंग्रजी बेताचं. पण हात असा, की भले भले पदवीवाले तिच्या खुर्चीमागे हाताची घडी घालून गुमान उभे राहायचे.

काम सांगायला सोपं आहे. यीस्टच्या पेशीच्या अंगावर एक कळी फुटते, दीडेक तासात ती वाढते आणि आईपासून सुटून लेक होते. सूक्ष्मदर्शकाखाली जेलीच्या बशीवर दोघी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. काचेच्या केसाएवढी सुई घेऊन लेकीला हलकेच बाजूला सारायचं आणि वहीत आईच्या नंबरापुढे एक रेघ मारायची. एका बशीवर अशा चाळीस आया. दीड तासानं पुन्हा पहिल्या नंबरापासून सुरुवात. संध्याकाळी बशी फ्रिजमध्ये ठेवली की थंडीनं सगळ्या जागच्या जागी थबकतात, सकाळी बाहेर काढल्या की पुन्हा चालू. साधी यीस्टची आई वीस-पंचवीस लेकी देते आणि मग थांबते, ती कायमचीच.

फ्राउकेचा नवरा हार्म बेकर होता. उभा जन्म त्यानं यीस्टची ढेकळं पिठात कुस्करून भट्टीत घातली. तो म्हणायचा, "तू चौतीस वर्षांत लाखभर लेकी तोडल्यास. मी एका सकाळी त्याच्या हजारपट भाजून काढायचो आणि लोक वर थँक्यू म्हणायचे." वर आणखी टोमणा असायचाच, की एवढ्या लेकींच्या राबत्यात आपल्या पोराला एक बायको म्हणून मिळाली नाही. फ्राउके त्याला सूप वाढायची आणि म्हणायची, "गिळ आता."

आता एवढी मोजदाद कशाला, तर वाटणी समजावी म्हणून. कळी फुटली की आई तिचा संसार मांडून द्यायला लागते. तंतुकणिका, म्हणजे पेशीला शक्ती दळून देणाऱ्या गिरण्या. रिक्तिका, म्हणजे साठवणीची थैली. अशी एकेक पेशीअंगकं, म्हणजे पेशीतले अवयव, आतल्या दोरांवरून ओढत ती कळीत नेऊन ठेवते. नेते तेही निवडून, चांगलं चांगलं. जुनं, झिजलेलं बरंचसं स्वतःकडे ठेवते. म्हणून लेक नव्या दमानं जगायला लागते आणि आई दर लेकीमागे थोडी म्हातारी होत जाते. पण सगळंच देऊन टाकलं तर आई तिथंच बसेल, म्हणून थोड्या चांगल्या गिरण्या ती आपल्या एका टोकाशी बांधूनही ठेवते. हे पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा फ्राउकेला तिची आई आठवली होती. लग्नात आईनं तिला नव्या कोऱ्या चादरी दिल्या आणि स्वतः विरलेल्या, ठिगळं लावलेल्या वापरल्या. फ्राउकेला तेव्हा वाटलं होतं, आईला जुन्या चादरी आवडतात. इतकं बावळट माणसानं असू नये, असं ती स्वतःच सांगायची.

संस्थेत तिच्या दोन सवयींची सगळे थट्टा करत. एक म्हणजे तिचा डबा. मोजणी संपली की बशी फेकून द्यायची असते. फ्राउके फेकत नसे. मेलेल्या आयांसकट ती बशीला पट्टी लावून बंद करायची आणि बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात घालून फ्रिजच्या तळाशी ठेवायची, लेख छापून येईपर्यंत. या खात्याचा प्रमुख सिक्को टोंकेन्स. तो विद्यार्थी असताना फ्राउकेनंच त्याला सुई धरायला शिकवलं होतं. तो एकदा म्हणाला, "अगं, हे काय फ्रिजमध्ये कबरस्तान मांडलंयस?" फ्राउके म्हणाली, "मेलेल्यांना कधी काही विचारायची पाळी येईल, सांगता येतं का?"

दुसरी सवय गोड होती. आपल्या ग्रोनिंगनकडे बाळ झालं की टोस्टला लोणी फासून वर साखर चढवलेल्या बडीशेपेच्या गोळ्या पसरून वाटतात. मुलगा झाला तर निळ्या, मुलगी झाली तर गुलाबी. फ्राउकेच्या एखाद्या आईनं तीस लेकी ओलांडल्या, की दुसऱ्या दिवशी दहाच्या कॉफीला ती टोस्ट घेऊन यायची. गोळ्या अर्थात गुलाबी. असं वर्षातून एखाददोनदा व्हायचं, पण एकदाही चुकलं नव्हतं.

त्या वर्षी योरिंदे नावाची पोरगी पीएचडीचं शेवटचं वर्ष करत होती. उंच, वाऱ्यात झुकल्यासारखी चालणारी, आणि प्रश्न विचारायला लागली की थांबता न येणारी. तिनं यीस्टचं एक वाण तयार केलं होतं. त्यातली आई चांगल्या गिरण्या आपल्या टोकाशी नेहमीपेक्षा जास्त घट्ट बांधून ठेवायची. लेकीला देताना हात आखडता. योरिंदेचा प्रश्न एवढाच, की अशी आई जास्त जगते का? सगळा प्रबंध या एका प्रश्नावर उभा होता आणि उत्तर फ्राउकेच्या वहीतल्या रेघांतून यायचं होतं. योरिंदे सुई धरायला शिकत होती, पण शिकून तीन महिनेही झाले नव्हते.

मोजणी लागली फेब्रुवारीत, आणि नेमकी त्याच आठवड्यात थंडीनं कहर केला. कालवे गोठले. शहराबाहेरचं पाटर्सवोल्डचं तळं काठापासून काठापर्यंत गोठलं. आता बर्फ धरला की ग्रोनिंगनकडे माणसं कामावर राहत नाहीत आणि साहेबानं त्यांना अडवू नये, असा न लिहिलेला कायदा आहे. सकाळी साडेदहालाच सिक्को खांद्यावर स्केट्स टाकून दारात उभा. "चला, बर्फसुट्टी!" योरिंदे टुणकन उठली.

"तू कुठं निघालीस?" फ्राउकेनं विचारलं.

"बर्फावर. सगळेच चाललेत."

"सगळ्यांना जाऊ दे. मोजणी चालू असताना सुई धरणाऱ्यानं बर्फावर जायचं नाही. मनगट मुरगळलं तर लेकी काय दातांनी तोडणार आहेस?"

नियम फ्राउकेचाच होता आणि गेली तीस वर्षं ती तो सगळ्यांना ऐकवत होती. योरिंदे मुकाट खाली बसली. सिक्को हसत हसत निघून गेला. खिडकीबाहेर ऊन इतकं लखलखीत पडलं होतं, की त्याच्याकडे बघणंसुद्धा शिक्षा होती.

बाराच्या सुमाराला फ्राउकेनं बशी फ्रिजमध्ये ठेवली, कोट चढवला आणि म्हणाली, "दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते. अडीचपर्यंत येईन."

ती तळ्यावर गेली. काय करणार बिचारी? पंधरा-पंधरा वर्षं वाट बघून एकदा असा काळा, गुळगुळीत बर्फ मिळतो. एकसष्टीची बाई, पण पायात स्केट्स चढवल्या की सोळाची. दीड तास ती वाऱ्यासारखी घसरत फिरली, आणि परत फिरताना बर्फात गोठलेल्या लव्हाळ्याच्या बुंध्याला पातं अडकलं. आपटली ती उजव्या मनगटावर. कुणी पाहिलं नाही. टपरीवर वाटाण्याचं सूप घेतलं ते तिनं डाव्या हातानं प्यालं. मनगटानं ठणकायला सुरुवात केली होती आणि तिला आपण केलेल्या मूर्खपणाचा असा राग आला, की सूप संपेपर्यंत ती स्वतःला शिव्या घालत होती.

अडीचला ती खुर्चीत होती. बाही खाली ओढून घेतलेली. "दात कसाय?" योरिंदेनं विचारलं. "दुखतोय," फ्राउके म्हणाली, आणि ते एका परीनं खरंही होतं.

बावीस नंबरापर्यंत सगळं ठीक चाललं. तेविसाव्याला मनगटातून कळ आली, सुईला झटका बसला आणि आई आणि लेक, दोघी जेलीवरून लोळत भलतीकडेच जाऊन पडल्या. एरवी हरकत नसते, कारण लेक लहान दिसते. पण वय झालेल्या आईची लेक कधी कधी आईच्याच मापाची असते. या दोघी जवळजवळ सारख्या होत्या. फ्राउके बघत राहिली. डावीकडची की उजवीकडची?

इथंही नियम होता आणि तोही तिनंच घालून दिलेला. ओळख पटली नाही, तर वहीत नंबरापुढे प्रश्नचिन्ह काढायचं आणि ती आई मोजणीतून बाद करायची. त्यात लाज कसलीच नाही, सगळ्यांचंच होतं तसं. पण प्रश्नचिन्ह काढलं असतं तर योरिंदेनं विचारलं असतं, फ्राउके, तुमच्याकडून कसं झालं? तुमच्याकडून तर होत नाही कधी. आणि मग मनगट, मग दाताचा डॉक्टर, मग सकाळची ती बोलणी. फ्राउकेनं डावीकडचीला आई ठरवलं, उजवीकडचीला बाजूला सारलं आणि पंधरावी रेघ मारली. प्रश्नचिन्ह काढलं नाही.

चौतीस वर्षांतली ती पहिलीच खोटी रेघ. खोटी की खरी हेही तिला माहीत नव्हतं, आणि त्यापायीच तिचा जीव खालीवर होत होता.

पुढं झालं असं, की ती तेवीस नंबरची थांबेचना. बाकीच्या आया तीसच्या आसपास एकेक करून विसावल्या. साध्या यीस्टपेक्षा त्या बऱ्याच जास्त जगल्या होत्या, योरिंदेचा अंदाज खरा ठरत होता. तेवीस नंबरच्या लेकी मात्र पस्तीस झाल्या, अडतीस झाल्या, तरी ती चालूच. एकेचाळीस लेकी देऊन ती थांबली. संस्थेत आजवर कुणी एवढी मजल मारली नव्हती. योरिंदे खुर्चीवर उभी राहून नाचली. सिक्कोनं सगळ्या मजल्याला ओरडून सांगितलं.

फ्राउकेनं बशीला पट्टी लावली, डब्यात ठेवली आणि घरी गेली. तेवीस नंबरची म्हणून जी मोजली, ती त्या दुपारी चुकून उचललेली लेक असेल, तर हे एकेचाळीस म्हणजे आईचे पंधरा आणि लेकीचे सव्वीस, दोघींची बेरीज. त्यात कसला आलाय विक्रम!

दुसऱ्या दिवशी टोस्ट आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाहीत.

मार्च गेला. मनगट बरं झालं. एप्रिलच्या मध्यावर सिक्को आणि योरिंदेनं लेख लिहून पुरा केला. शुक्रवारी तो धाडायचा होता. सोमवारी दहाच्या कॉफीला सगळे बसलेले असताना योरिंदे एकदम म्हणाली, "फ्राउके, एक विचारू? तेवीस नंबरचे टोस्ट कुठायत?"

"राहिले," फ्राउके म्हणाली.

"एकतीसवाल्या आईचे आणलेत. एकेचाळीसचे राहिले?"

"अगं, महाग झाल्यात गोळ्या," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. फ्राउकेही हसली, पण कॉफी अर्धी टाकून उठली, आणि योरिंदेनं ते पाहिलं. विचारलं मात्र काही नाही. प्रश्न विचारल्याशिवाय न राहणारी पोरगी गप्प बसली, हे फ्राउकेला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी ताटावर बसल्या बसल्या तिनं हार्मला सगळं सांगितलं. मोहरीचं सूप निवून गेलं. हार्मनं पाव मोडला आणि म्हणाला, "एकदा मी एका घाण्याला दोनदा मीठ घातलं होतं. वाटलं, कुणाला कळणारेय? दीडशे पाव."

"मग?"

"मग काय, खाणाऱ्याला कळलंच ना. साहेबानं मिठाचं काही म्हटलं नाही. सकाळीच का नाही सांगितलंस, एवढंच म्हणाला. ते अजून टोचतं."

"तुला सांगून काय उपयोग? तू बेकर."

"हो ना," हार्म म्हणाला. "म्हणून उद्या त्यांना सांग."

तिला भीती कशाची होती ते ती स्वतःशीही नीट बोलली नव्हती, ते आता बोलली. "तेवीस गेली तर जाऊ दे रे. एक आई बाद झाली म्हणून काही बिघडत नाही. पण मी एका जागी लपवलं, मग बाकीच्या एकोणचाळीसांवर कोण विश्वास ठेवणार? आणि त्याआधीच्या वह्या? सिक्कोचा प्रबंधसुद्धा माझ्याच रेघांवर उभा आहे. चौतीस वर्षं, हार्म. माझ्याकडे दुसरं काहीच नाही." आणि ती रडायला लागली. हार्म उठून तिच्या मागं उभा राहिला. त्याला बोलता येत नसे अशा वेळी, पण त्यानं तिचं सूप परत गरम केलं.

मंगळवारी सकाळी ती तो पत्र्याचा डबा घेऊनच सिक्कोच्या खोलीत गेली. योरिंदे तिथं होतीच. फ्राउके उभ्यानंच बोलली. बर्फ, दाताचा डॉक्टर, मनगट, दोघी लोळल्या ते, आणि न काढलेलं प्रश्नचिन्ह. काही गाळलं नाही.

सिक्कोचा चेहरा लाल झाला. "फ्राउके, शुक्रवारी लेख जायचाय! दोन महिने तोंडाला कुलूप लावून बसलीस? तू? प्रश्नचिन्ह काढलं नाही म्हणून मला एकदा सगळ्यांदेखत झापलं होतंस, आठवतंय?"

"आठवतंय."

"आणि मला बर्फावर जाऊ दिलं नाहीत," योरिंदे म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, पण ओठांचा कोपरा हलत होता. "दाताचा डॉक्टर! आणि मी संध्याकाळी तुमच्यासाठी लवंगेचं तेल शोधत होते."

"तुझा राग योग्य आहे," फ्राउके म्हणाली. "पण आधी हे बघा." तिनं डबा टेबलावर ठेवला. "तेवीस नंबरची इथं आहे. तिलाच विचारा."

सिक्कोनं डबा पुढे ओढला. त्याच्या लक्षात आलं. लेक सुटून गेली की तिच्या जागी आईच्या कवचावर एक गोल वण राहतो. तो भरून येत नाही. आई मेली तरी जात नाही. रंग घालून निळ्या उजेडात पाहिलं की एकेक वण कड्यासारखा चमकतो. फ्राउकेनं त्या दिवशी आईला ओळखलं असेल, तर या मेलेल्या पेशीवर एकेचाळीस वण असणार. चुकून लेकीला उचललं असेल, तर सव्वीसच.

"हे तुला फेब्रुवारीतच सुचलं असेल," सिक्को म्हणाला.

"त्याच दिवशी सुचलं. रोज त्या फ्रिजसमोरून जात होते. डबा उघडायची हिंमत होत नव्हती."

पेशी जेलीवरून सुईनं उचलून काचपट्टीवरच्या थेंबात सोडायची होती. निसटली, फुटली, तर संपलं. तेवीस नंबरची एकच. फ्राउके सवयीनं खुर्चीकडे वळली, तसा सिक्कोनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू नाही. उद्या कुणी म्हणायला नको, हिनंच उचलली म्हणून."

"मग कोण? तू? वीस वर्षं तू सुईला हात लावला नाहीस."

दोघांनी योरिंदेकडे पाहिलं. योरिंदे मागे सरकली. "मी एकदाही मेलेली पेशी उचललेली नाही. फ्राउके, मी पाडली तर?"

"पाडलीस तर पाडलीस," फ्राउके म्हणाली. 

तिनं आपली सुई योरिंदेला दिली. ती सुई तिनं स्वतः ओढलेली होती, काचेची कांडी ज्योतीवर धरून. चौदा वर्षं ती एकच सुई वापरत होती आणि ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या डबीत कापसावर ठेवत होती. आजवर ती कुणाच्या हातात गेली नव्हती. योरिंदे खुर्चीत बसली. फ्राउके बाजूला स्टुलावर, हात मांडीवर, एकात एक गुंतवलेले. समोरच्या पडद्यावर बशी मोठी होऊन दिसत होती. तेवीस नंबरची एकटी पडली होती, मोठी, सुरकुतलेली.

"वरून येऊ नकोस. कडेनं ये," फ्राउके हळूच म्हणाली. "दंडाला धरून कुणाला उठवावं, तसं. हां. आता श्वास सोड. पूर्ण सोड. मग उचल."

सुई टेकली. पेशी हलली, थोडी फिरली आणि पडद्यावरून नाहीशी झाली.

"गेली!" योरिंदे किंचाळली.

"गेली नाही. सुईच्या टोकाला आहे. हलू नकोस. तुझ्या मनगटाकडे बघू नकोस, ते आपलं काम जाणतं. आता थेंबात बुडव आणि फक्त थांब. ती आपली आपण सुटेल."

ती सुटली. थेंबात तरंगत खाली बसली. योरिंदेनं सुई खाली ठेवली आणि झाकणाची काच सिक्कोकडे सरकवली.

रंग घातला. दिवे मालवले. सिक्को आणि योरिंदेनं आळीपाळीनं पाहिलं, भिंग खालीवर करत पेशी वरपासून खालपर्यंत तपासली, आणि आपापला आकडा एकमेकांना न दाखवता कागदावर लिहिला. फ्राउकेला पाहायला मनाई होती. ती अंधारात बसून फ्रिजची घरघर ऐकत होती. सव्वीस, ती मनात म्हणत होती, सव्वीसच असणार, तयारी ठेव. बराच वेळ गेला. योरिंदे मोजताना हळू पुटपुटत होती आणि एकदा तिनं परत पहिल्यापासून सुरुवात केली, तेव्हा फ्राउकेनं डोळे मिटून घेतले.

दिवे लागले. सिक्कोनं कागद उलटा केला. अडतीस. योरिंदेनं उलटा केला. एकोणचाळीस.

"एकेचाळीस नाहीत," फ्राउके म्हणाली. तिला नीट कळेचना.

"अगं बाई, एकावर एक वण आलेत, दोन-तीन झाकले जाणारच! पण सव्वीसाचे एकोणचाळीस होतात का कुठं?" सिक्को ओरडला. "आईच आहे ती! तुझ्या मोडक्या मनगटासकट तू आईलाच ओळखलंस!"

फ्राउके स्टुलावरून उठली. दोन महिने छातीवर धोंडा होता, तो उतरला.  "मला बघू द्या," ती एवढंच म्हणाली. तिनं डोळे भिंगाला लावले. अंधारात निळी कडी चमकत होती, एकाला एक लागून, अंगभर. एवढ्यांदा हिनं आपल्यातलं चांगलं काढून दिलं होतं. तरीही या वेळी थोडं स्वतःला ठेवलं, म्हणून एवढी टिकली. फ्राउके पाहत राहिली आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी भिंगावर पडलं.

"पुसा ते," योरिंदे म्हणाली. "भिंग ओलं झालं की ओरडता ना आम्हाला?"

मग फ्राउके जी हसायला लागली, ती थांबेचना.

हसून झाल्यावर तिनं वही मागवली. तेवीस नंबराची ओळ काढली, पंधराव्या रेघेपाशी पेन्सिलीनं मोठं प्रश्नचिन्ह काढलं आणि बाजूला आजची तारीख घातली.

"आता कशाला?" सिक्को म्हणाला. "आता तर शंका उरली नाही."

"त्या दिवशी होती. बाद करा तिला."

"फ्राउके! एकेचाळीसची आई बाद?"

"नियम म्हणजे नियम. तिच्यावाचून अडतंय का तुमचं?"

अडत नव्हतं. उरलेल्या एकोणचाळीस आयांची सरासरी तिच्यावाचूनही ठणठणीत होती. सिक्कोनं मान हलवली आणि तक्त्यातून एक आकडा खोडला. शुक्रवारी लेख गेला.

त्याच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी फ्राउकेनं ज्योत पेटवून काचेची कांडी ओढली. दोन बिघडल्या, तिसरी साधली. केसासारखी बारीक, टोकाशी सरळ. ती नवी सुई तिनं नव्या डबीत कापसावर ठेवली आणि योरिंदेच्या हातात दिली.

"आणि तुम्हाला?" योरिंदेनं विचारलं.

"मला जुनी आहे की. माझ्या हाताला तीच कळते."

योरिंदेनं डबी उघडली, मिटली, परत उघडली. मग ती प्रश्न न विचारता फ्राउकेच्या गळ्यात पडली, आणि फ्राउके, जिला असलं काही जमत नसे, ती तिच्या पाठीवर थोपटत म्हणाली, "पुरे, पुरे. मोडशील ती."

शुक्रवारी दहाच्या कॉफीला फ्राउके मोठं ताट घेऊन आली. टोस्ट हार्मनं भाजले होते, लोणी भरपूर, आणि वर गुलाबी गोळ्या इतक्या, की घास घेताना त्या टेबलभर उड्या मारत होत्या. मोजून एकेचाळीस टोस्ट.

सिक्कोनं एक उचलला. "पण ती तर मोजणीतून बाद झाली ना?"

"मोजणीतून झाली," फ्राउके म्हणाली. "एकेचाळीस लेकी तिला झाल्याच होत्या. खा आता."

योरिंदेनं तीन खाल्ले.